बाबागाडी धुण्याचे दिवस

एप्रिलच्या अखेरीस आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेत पाच-सहा दिवस असे येतात की वारा समुद्राकडून न येता जमिनीकडून येतो. तो गार असतो, पण कोरडा असतो. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरामागे मग दोरीवर चादरी दिसू लागतात, आणि शेजारच्या मोरीन कुंपणावरून म्हणतात, "ग्रेट ड्राइंग टुडे." हवेचं कौतुक करण्याची ही इथली रीत आहे. ऊन किती पडलं हे कोणी सांगत नाही, कपडे किती लवकर वाळतील ते सांगतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आत्यांना आलं नाही. मी त्यांना ते वाक्य मराठीत सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरोबर हाय की. वाळवणाचं ऊन हाय हे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाणा शिजवून त्यांनी मागच्या अंगणात प्लास्टिकवर पापड्या घातल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मी पुण्याची, आमच्याकडे सासूला आई म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या, अजितच्या घरी, कोरेगावकडे, आत्या म्हणायची पद्धत आहे. लग्नानंतर मला ते सोयीचं वाटलं होतं, कारण आई म्हणण्याइतकी जवळीक झाली नव्हती आणि आत्या हा शब्द थोडं अंतर ठेवून प्रेमानं वापरता येतो. ईशानच्या जन्माच्या वेळी त्या तीन महिने आमच्याकडे राहिल्या. त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या जानेवारीत त्या गेल्या. अजित एकटाच जाऊ शकला. ईशानला ताप होता, म्हणून मी इथेच राहिले. दहाव्याचा विधी मी फोनवर पाहिला, फोन धरणाऱ्याचा हात हलत होता.

या वर्षी वाळवणाचे दिवस आले आणि मी जिन्याखालच्या प्रेसमधून बाबागाडी बाहेर काढली. प्रेस म्हणजे कपाट, इथल्या बोलण्यातलं. आम्हीही आता तोच शब्द वापरतो. गाडी काढायचं कारण साधं होतं. इथल्या हॉस्पिटलात काम करणारी प्राजक्ता नावाची सोलापूरची डॉक्टर आहे, तिला जूनमध्ये बाळ होणार आहे. तिच्याशी बोलता बोलता मी म्हणाले की आमची गाडी घे, चांगली आहे, फक्त एकदा धुऊन देते. रविवारी ये म्हणाले. घरी आल्यावर आठवलं की गाडीच्या छताला आतून डाग आहे. तो काढायचा की तसाच ठेवायचा, हे मला ठरवता येईना. आत्यांच्या हातचं या घरात तेवढंच उरलं होतं.

गाडी देखणी आहे. बाहेरून गडद राखाडी, आतलं अस्तर सायीच्या रंगाचं, धरायच्या दांडीवर चामड्याचं वेष्टण. त्या वेळी आमच्याकडे चारचाकी नव्हती, म्हणून अजित म्हणाला होता की निदान मुलाची तरी असू दे. आत्यांना किंमत सांगितली नव्हती. त्यांनी विचारलीही नाही, पण दांडीवरून हात फिरवला आणि त्यांना अंदाज आला असावा. गाडी आधी महिनाभर मोरीनकडेच होती. बाळ जन्मायच्या आधी रिकामी गाडी घरात आणू नये, अशी इथल्या जुन्या माणसांची समजूत आहे, आणि मोरीननी आमच्या दारात आलेलं खोकं परस्पर आपल्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं होतं. आत्या मार्चअखेर आल्या, तेव्हा मी त्यांना हे जरा हसत सांगितलं. त्या म्हणाल्या, "शहाणी बाई हाय. आपल्यात बी आधी काय आणत न्हाईत." दोघींची भेट व्हायच्या आधीच त्यांचं जमलं होतं.

सत्तरीच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला मला वर्ष लागलं. आत्यांनी पहिल्या दिवसापासून मोरीनबाई म्हणायला सुरुवात केली. रोज अकराच्या सुमाराला दोघी ईशानला गाडीत घालून सॉल्टहिलच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर जात. मोरीन इंग्रजीत बोलत, आत्या मराठीत. मी एकदा मागून चालत ऐकलं, दोघी गुडघ्यांविषयीच बोलत होत्या. त्या रस्त्याच्या टोकाला एक भिंत आहे. तिथवर चालत गेलेला माणूस भिंतीला पाय मारून मागे वळतो, ही गॉलवेकरांची जुनी सवय. आत्यांनी ते पाहिलं आणि मला विचारलं, "भितीला लाथ कशापायी मारायची? काय केलंय तिनं?" त्या रोज तिथे गेल्या, रोज वाकून त्या भिंतीला हात लावला, हात कपाळाला टेकवला आणि गाडी वळवली. मोरीननी पाय मारायचं सोडलं नाही, पण मला सांगितलं की आता मारताना जरा संकोच वाटतो.

मी इथे हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. माझं काम नळ्या बनवण्याचं नाही, खोल्या आणि यंत्रं कशी पुसायची ते लिहिण्याचं आहे. आधी कोरडी सफाई, मग ओली. वरून खाली. स्वच्छ भागाकडून मळक्या भागाकडे. नवा द्रव वापरायचा तर आधी न दिसणाऱ्या जागी थोडा लावून पाहायचा. काय केलं ते लिहायचं, आणि जे केलं नाही तेही लिहायचं. वर्षानुवर्षं हेच लिहिल्यामुळे हातात कापड आलं की मी सावकाश होते. म्हणून त्या मे महिन्यात मी जे केलं त्याची मला अधिक लाज वाटते.

रविवार होता. कंपनीतल्या दोघीजणी बाळ बघायला येणार होत्या. मी गाडी दिवाणखान्यात आणली आणि छत उघडलं, तर आत, बाळाच्या डोक्याच्या बरोबर वर, काळा ठिपका होता. अंगठ्यानं लावलेला, गोल, ठसठशीत. आत्यांचं काजळ घरचं असायचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळी धरायची, ती तुपात कालवायची. पितळेच्या डबीतून त्यांनी ते कोरेगावहून आणलं होतं. ईशानच्या कानामागे आणि तळपायाला त्या रोज तीट लावायच्या. ते मला चालत होतं. पण अस्तर सायीच्या रंगाचं होतं आणि अर्ध्या तासात माणसं येणार होती. मी बाळाचे वेट वाइप्स घेतले आणि घासलं. ठिपक्याचा तळहाताएवढा ढग झाला. मग गरम पाणी. मग शर्टाच्या कॉलरींसाठी आणलेला स्प्रे, न दिसणाऱ्या जागी तपासून न पाहता. मधला काळेपणा राखाडी झाला आणि भोवतीचं कापड फिकट पडलं.

आत्या ईशानला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणाले, "आत्या, हे गाडीला कशाला लावलंत?"

"दीठ लागती गं. गाडी लई देखणी हाय."

"बाळाला लावा. गाडीला नको. लोकांना दिसतं ते."

अजित स्वयंपाकघरातून म्हणाला, "आई, त्यापेक्षा लिंबू-मिरची बांध पुढं." कोणी हसलं नाही. आत्या नुसतं "बरं" म्हणाल्या, आणि ईशानच्या टोपीचा बंद सारखा करत राहिल्या. पाहुण्यांपैकी एकीनं तो डाग पाहिला आणि सहज विचारलं, बुरशी आहे का. मी म्हणाले, दूध सांडलं. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मिल्क हा शब्द त्यांना येत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात मोरीन एक छोटं चांदीसारखं पदक घेऊन आल्या. त्यावर मेरीची मूर्ती होती. इथे बाळाच्या गाडीत असं पदक टाचतात. लावू का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले, आभारही मानले. त्यांनी ते अस्तराला पिनेनं टाचलं. कापडाला दोन भोकं पडली. मला त्याचं काही वाटलं नाही. आत्या शेजारी उभ्या होत्या, पदक नीट बसलं की नाही ते त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. मी कोणाला काय करू दिलं आणि कोणाला काय करू दिलं नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. जानेवारीत, तो फोन हलत असताना, लक्षात आलं.

त्यानंतर आत्यांनी छताला हात लावला नाही. बाकी गाडीची देखरेख मात्र त्यांनीच केली. रोज फिरून आल्यावर त्या चाकांची वाळू झटकायच्या, जुन्या साडीच्या तुकड्यानं दांडी पुसायच्या, गाडी तिरकी करून खालूनही पुसायच्या. एकदा पुढचं चाक कुरकुरायला लागलं, तेव्हा त्यांनी डोक्याला लावायचं खोबरेल त्यात सोडलं. कोरेगावला ते चाललं असतं. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी खोबरेल चाकातच थिजलं, आणि गाडी दारातून हलेना. अजितनं हेअर ड्रायरनं चाक गरम केलं. आत्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. डाग पडल्यानंतर त्या माझ्यासमोर हसल्याची ती पहिली वेळ, म्हणून मला ती सकाळ नीट आठवते.

पापड्यांचीही एक आठवण त्याच दिवसांतली. गॉलवेचे समुद्रपक्षी माणसाच्या हातातला पाव पळवतात, पापड्या त्यांच्या तावडीतून कुठल्या सुटायला. आत्या खुर्ची टाकून राखण करत बसायच्या, शेजारी गाडीत ईशान झोपलेला, हातात लांब पट्टी. पक्षी आला की त्या उठायच्या नाहीत, पट्टी नुसती वर धरायच्या. मोरीन कुंपणापलीकडून आपल्या चादरी काढता काढता त्या पक्ष्याला चार शब्द सुनवायच्या. पापड्या वाळल्या, थोड्या गारठ्यानं वाकड्या झाल्या. तळल्यावर चव तीच होती.

जूनच्या शेवटी त्यांचा व्हिसा संपला. डब्लिनच्या बसला सोडायला मी बाबागाडी घेऊन स्टँडवर गेले होते. अजित त्यांच्याबरोबर विमानतळापर्यंत जाणार होता. त्यांनी ईशानला पाहिलं, पण पापा घेतला नाही, झोप मोडेल म्हणून. मग दांडीवर हात ठेवून मला म्हणाल्या, "गाडीची काळजी करू नगंस. मी केलंय बगून." मला वाटलं, चाकाचं म्हणतात. मी म्हणाले, हो आत्या, तेल बदललंय आता. त्या हसल्या आणि बसमध्ये चढल्या. पुढे दर रविवारी फोनवर त्या ईशानची चौकशी करायच्या आणि शेवटी विचारायच्या, गाडी बरी हाय न्हवं? मी बरी आहे म्हणायचे. त्या डागाबद्दल बोलायचं मी अनेकदा मनात आणलं. प्रत्येक वेळी वाटलं की एवढ्याशा गोष्टीची आता काय माफी मागायची, पुढच्या भेटीत बोलू.

तर या वर्षीची सफाई. मंगळवारी मी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, म्हणजे परत जोडताना अडायला नको. माहितीपुस्तिका दोनदा वाचली, गरज नसताना. माझं दुःख असं वाचण्यातच जातं, समोर छापील काही असलं की मला बरं वाटतं. मग कापडं काढली. कोरडा मऊ ब्रश शिवणींतून फिरवला, व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाच्या नळीनं वाळू ओढून घेतली. चार वर्षांपूर्वीची सॉल्टहिलची वाळू अजून सीटच्या घडीत होती. काढता येणारी कापडं कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणानं, हातानं धुतली. पिळली नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली. ब्लीच नाही, ड्रायर नाही. पट्टे भिजवायचे नसतात, त्यांतच बाळाचा जीव अडकवलेला असतो आणि भिजवून घासून त्यांची ताकद जाऊ शकते. ते ओल्या फडक्यानं पुसून सावलीत टांगले. दांडीचं चामडं दोन ठिकाणी तडकलं आहे, हाताला लावायचं सॅनिटायझर आम्ही त्यावरही पुसायचो, ती आमची चूक. ते नुसतं दमट फडक्यानं पुसलं आणि लगेच कोरडं केलं. या कामांना दोन दिवस लागले. छत मी तसंच ठेवलं. त्याला आत पातळ सळ्या आणि पुठ्ठा आहे, ते पाण्यात बुडवायचं नसतंच, असं मी स्वतःला सांगत होते.

गुरुवारी मोरीन चादरी घालताना म्हणाल्या की अजून छत राहिलंय. मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी उरलेले चिमटे पिशवीत टाकले. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मग त्या म्हणाल्या की तुझ्या सासूनं मळकी गाडी दुसऱ्याच्या बाळासाठी दिली असती असं मला नाही वाटत. रात्री अजितलाही विचारलं. तो ईशानचे बूट पुसत होता. "तुला हवं तसं कर," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आईनं धुतलं असतं."

शुक्रवारी ईशानला शाळेत सोडून आल्यावर मी छत घेतलं. जुना तेलकट डाग आधी मऊ करावा लागतो. ग्लिसरीनचा एक थेंब, न दिसणाऱ्या शिवणीवर आधी लावून पाहिलेला. पंधरा मिनिटांनी पांढरं कापड त्यावर नुसतं दाबायचं, घासायचं नाही. कापडावर काळं उमटतं, मग कापडाची दुसरी जागा घ्यायची. नंतर भांड्यांच्या साबणाचं अगदी पातळ पाणी, कडेकडून मध्याकडे, टिपत टिपत. काजळी म्हणजे बारीक पूड, घाईनं घासली तर ती कापडाच्या आत जाते. चार वर्षांपूर्वी हे सगळं मला माहीत होतं. दोन तास लागले. डाग निघाला. काजळाचा मागमूस राहिला नाही. जो फिकट गोल राहिला तो माझ्या स्प्रेचा होता, आणि तो कशानंही निघणार नव्हता, कारण तिथे मळ नव्हता, रंग गेलेला होता. छत मी उघडंच ठेवून दोरीला अडकवलं, घडी करून ठेवलं तर बुरशी येते.

शेवटी सांगाडा, सगळ्यांत मळका भाग म्हणून सगळ्यांत शेवटी. चाकं काढली, आसांवरून समुद्राचं मीठ पुसलं. पुढच्या चाकात खोबरेलाचा थर अजून होता, वाळूसकट घट्ट झालेला. तो काडीनं खरवडून काढला आणि मेणासारखं कोरडं वंगण लावलं. मग सांगाडा उलटा केला. सीटखालून एक आडवी नळी जाते, दोन्ही बाजूंना जोडणारी. तिच्या खालच्या अंगाला, बरोबर मध्यावर, काळा गोळा चिकटलेला दिसला. वाटाण्याएवढा. मला वाटलं ग्रीस आहे. नखानं कड खरवडली तर पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. एकावर एक लावलेला, रोज थोडा. बोटांना चोळून वास घेतला. चार वर्षांत तुपाचा वास गेला होता, एरंडेलाचा पुसटसा होता.

मी गवतावर बसून राहिले. गाडी तिरकी करून खालून पुसणाऱ्या आत्या मला आठवल्या. त्या काय पुसत होत्या ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. बसच्या दारातलं त्यांचं वाक्य आठवलं. मी त्यांना म्हणाले होते, लोकांना दिसतं ते. त्यांनी माझं ऐकलं होतं. जे दिसू नये ते दिसणार नाही अशा जागी नेलं होतं, आणि रोज निमूटपणे आपलं काम केलं होतं. माझ्यावर त्या रागावल्या होत्या का, हा प्रश्न मी चार वर्षं बाळगला होता. रागावलेलं माणूस एवढ्या नेमानं तीट लावत नाही. माझी माफी मात्र राहिली ती राहिलीच.

सांगाड्याचा बाकी भाग पुसून कोरडा केला. ती नळी दोन्ही बाजूंनी पुसली, मध्याच्या जरा अलीकडे थांबले, पलीकडून पुन्हा सुरू केलं.

रविवारी प्राजक्ता आली. जोडलेली गाडी तिनं अंगणात दोन फेऱ्या चालवून पाहिली, फिकट गोलावर बोट ठेवून विचारलं, हे काय. मी सांगितलं की मी चुकीचं औषध मारलं होतं. तिनं मान हलवली. गाडी लगेच नेणार नव्हती. तिची आई फोनवर म्हणाली होती की बाळ व्हायच्या आधी घरात आणू नकोस. मोरीननी गॅरेजचं दार आधीच उघडून ठेवलं होतं. आम्ही तिघींनी गाडी आत लावली आणि वरून जुनी चादर घातली.

जाताना मी प्राजक्ताला एक कागद दिला. सवयच आहे ती. कुठलं कापड कुठल्या पाण्यात धुवायचं, पट्टे भिजवायचे नाहीत, छत ओलं असताना मिटायचं नाही, चाकात खोबरेल घालायचं नाही, पदक काढून ठेवलंय, हवं तर मोरीन परत टाचून देतील. सगळ्यात खाली मी लिहिलं होतं, सीटखालच्या आडव्या नळीला मध्यावर एक काळा ठिपका आहे, तो मळ नाही.